बाहेर छान ऊन पडलंय

‘तुमचं ऐकून लई बरं वाटलं’ असं कुणी म्हणालं की मला अजून धडकी भरते. लोकांना वाटतं, बाईला स्तुती आवडत नाही, केवढा हा विनय! विनय कसला डोंबलाचा.

परवा लातूरला एका कोचिंग क्लासवाल्यांनी बोलावलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली, पोरं बेजार झालेली. क्लासचे सर फोनवर म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं सकाळी सकाळी रेडिओवरून लोकांना उभारी दिली, आमच्या पोरांनाही द्या ना अर्धा तास." म्हणजे उभारी काय डब्यात भरून न्यायची चीज आहे, वरून झाकण लावून? पण नाही म्हणवेना. गेले, बोलले, पोरं हसलीसुद्धा. खाली उतरताना जिन्यात एक मुलगी आडवी आली. दोन वेण्या, पाठीवर तिच्यापेक्षा जड सॅक. म्हणाली, "मॅडम, तुमचं ऐकून लई बरं वाटलं." झालं, माझ्या पोटात गोळा आला. तिला मी काय म्हणाले ते सांगतेच, पण आधी हा गोळा कुठून आला ते सांगायला हवं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नांदेडच्या रेडिओवर हंगामी निवेदिका होते. नुकतंच लग्न होऊन नांदेडात आलेले आणि नोकरीही नवीच. आई तिकडं जळकोटला एकटी. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं तिथल्या शाळेत उभी हयात पोरांना पाढे शिकवण्यात घालवली, आणि रिटायर झाल्यावरही गाव सोडलं नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. दगड-मातीच्या भिंती, वर पत्रे, आणि वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले हे एवढाले दगड. आमच्याकडं सगळ्यांचीच घरं तशी. डोक्यावर दगड घेऊन आम्ही सगळे खुशाल झोपत होतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नांदेडचा रेडिओ जळकोटात जेमतेम लागायचा. मला काम मिळालं तेव्हा आईनं अंगणातल्या बोरीच्या झाडाला तार बांधून घेतली. पहिल्या दिवशी त्या खरखरीतून माझं ‘नमस्कार’ ऐकलं आणि सगळ्या गल्लीला चहा पाजला.

गणपती बुडवून लोक दमूनभागून झोपले होते, त्या पहाटे धरणी हलली. किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. आमच्या बाजूला भिंती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यावरचा माणसांचा विश्वास उडाला. नांदेडात काय नि खेड्यापाड्यांत काय, जो तो उघड्यावर अंथरूण टाकून पडलेला. कुणी म्हणायचं आज पुन्हा होणार, कुणी म्हणायचं अमावस्येला होणार. त्यात पाऊस. प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून लोक बसायचे, पण चार पावलांवरच्या आपल्या घरात पाऊल टाकायचे नाहीत.

आईच्या घराची मागची भिंत तडकली होती. चूल त्याच भिंतीपाशी. माझा नवरा दुसऱ्याच दिवशी एसटीनं जाऊन बघून आला. म्हणाला, "भेगेत माझा अख्खा पंजा गेला." आईला बरोबर घेऊन ये म्हणून मी बजावून पाठवलं होतं, पण ती कसली येतेय! "लेकीच्या घरी जाऊन किती दिवस बसायचं? लोक काय म्हणतील? मी बाहेर निजते की, न्हाई कोण म्हणतंय?" तो बिचारा परत आला, हातात आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन.

इकडं आमच्या साहेबांनी सगळ्या निवेदकांना बोलावलं. "सकाळी दहा मिनिटं जास्तीची ठेवली आहेत. लोकांना धीर येईल असं बोला. हसत बोला. रडगाणं नको, उपदेश नको, आणि आपल्या मनानं भूकंपाबद्दल एक अक्षर नको. तो बातम्यांत येतो तेवढा पुरे." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचा आवाज गोड आहे, उद्यापासून तुम्ही."

त्या पहिल्या सकाळी मी काय बोलले, देव जाणे. स्टुडिओ म्हणजे चहूबाजूंनी बंद खोली. खिडकी नाही, भिंतींना जाड अस्तर, दार असं की दोन्ही हातांनी ढकलावं लागतं. एरवी त्या खोलीत मला फार निवांत वाटायचं. त्या दिवशी दार लागलं आणि मनात आलं, हलायला लागलं तर हे मला उघडणार आहे का? तेवढ्यात लाल दिवा लागला. माझा आवाज जो वर चढला तो दहा मिनिटं खाली उतरला नाही.

ड्युटी संपल्यावर मी थेट एसटीडी बूथ गाठला. जळकोटात आईच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. तिथं लावायचा, मग दुकानदार "बाई, नांदेडचा फोन!" अशी हाळी द्यायचा आणि आई धापा टाकत यायची.

"ऐकलं का ग?" मी विचारलं. मला वाटलं, आता उच्चारांच्या चुका काढणार.

"ऐकलं की. लई बरं वाटलं. तुझा आवाज सुरू झाला तशी मी घरात गेले, चहा टाकला, आंघोळ उरकली. म्हनलं, लेक बोलून राहिली तवर काय धरणी हलत न्हाई."

मला असा आनंद झाला म्हणता! दिवसभर मी घरात गाणी म्हणत फिरले. माझ्या आवाजानं माझी आई घरात गेली! दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत शिरले ते वाघिणीसारखी. आणि भूकंपाचं नाव न घेता जमायला लागलं. कुणा एका गृहस्थानं घाबरून घराबाहेर धूम ठोकली ती हातात कुलूप घेऊन, घर मात्र सताड उघडं, ते सांगितलं. देवणीकडच्या एका शेतकऱ्याचं सांगितलं. जनावराला संकट आधी कळतं असं कुणीतरी त्याला सांगितलं, म्हणून त्यानं बैल बाजेला बांधला आणि रात्रभर बैलाच्या तोंडाकडं बघत बसला. आपल्या धन्याला झालंय तरी काय, म्हणून बैलही रात्रभर त्याच्या तोंडाकडं बघत बसला. हे ऐकून काचेपलीकडं बसलेले आमचे इंजिनिअर, जे सहसा हसायचे नाहीत, तेही हसले.

रोज फोन करायचा आणि रोज आईनं तेच सांगायचं. तू बोललीस, मी आत गेले, बरं वाटलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी सहज विचारलं, "चहा कुठं टाकतेस?"

"चुलीवर. दुसरीकडं कुठं टाकत्यात?"

"त्या भिंतीपाशी?"

"मग काय चूल डोक्यावर घेऊन फिरू? भिंत काय खाती का मला?"

फोन ठेवला आणि बूथवाल्याला पैसे न देताच चालू लागले. इतके दिवस माझ्या टाळक्यात हे कसं शिरलं नव्हतं? मी जितकं छान बोलणार, तितका वेळ माझी आई त्या भेगेपाशी बसणार, वर पत्रे आणि पत्र्यांवर ते दगड. धक्के तर अजून चालूच होते. भांडी वाजायची, कुत्री रडायची. मी हसत हसत सगळ्यांना सांगत होते की सगळं ठीक आहे, आणि मला काय ठाऊक होतं ठीक आहे का ते? कपाळ माझं! मी काय शेषनागाच्या कानात विचारून आले होते?

त्या दिवसापासून मला सकाळ नको वाटायला लागली. मी फोनवर आईला शपथा घातल्या, आत जाऊ नकोस. ती म्हणायची, "बरं बरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "तुझा आवाज आला, गेले आत." मी मुद्दाम कंटाळवाणं बोलून पाहिलं. पाणी उकळून प्या, ओल्या जागी झोपू नका, असलं काहीतरी रटाळ. साहेबांनी बोलावून विचारलं, "बाई, तब्येत बरी नाही का?" मग मी एक दिवस ड्युटी बदलून घेतली. म्हटलं, आवाजच नको आणि आत जाणंही नको. फोनवर आई म्हणाली, "आज तू न्हवतीस. मग मी बिनचहाचीच बसले. डोकं उठलंय नुसतं." घ्या! बोलले तरी पंचाईत, न बोलले तरी पंचाईत.

आणि आई काय एकटी होती? एकदा आमच्या रेडिओ केंद्राच्या गेटवर एक बाई भेटली, कडेवर पोर. म्हणाली, "तुम्हीच ना त्या सकाळच्या? तुमच्यामुळं पोरांना घरात न्हाऊ घालून राहिले बघा." मला तिला विचारायचं होतं, तुमची भिंत कशी आहे हो? विचारलं नाही. नुसती हसले आणि आत आले, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले. रात्री नवरा म्हणायचा, "तू स्वतःला फार मोठी समजतेस. लोक काय तुझ्यामुळं घरात जातात का? त्यांना भूक लागते म्हणून जातात." त्याचं म्हणणं मला पटायचं आणि झोप यायची नाही.

मग ती सकाळ आली. मी बोलत होते, एका पोस्टकार्डावरचा विनोद वाचत होते. नायगावच्या कुणी श्रोत्यानं पाठवलेला. वाचता वाचता टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. पाणी नुसतं शिरशिरलं. समोर काचेपलीकडं इंजिनिअर उठून उभे राहिले, माझ्याकडं बघितलं, पुन्हा बसले. धक्का होता. लहानसा, पण होता. आणि मला स्टुडिओ दिसेना. मला आई दिसली, चुलीपुढं उकिडवी बसलेली, माझा आवाज ऐकून निर्धास्त झालेली.

भूकंप म्हणायचं नव्हतं. पळा म्हणायचं नव्हतं. नुसतं पळा म्हटलं असतं तर चेंगराचेंगरी झाली असती, एवढी अक्कल त्या क्षणालाही शाबूत होती. मी पोस्टकार्ड खाली ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले. "मंडळी, चहाचा कप हातात असेल ना? तो घ्या आणि अंगणात या बघू. चूल राहू द्या, नंतर बघू. बाहेर काय छान कोवळं ऊन पडलंय! घरात कशाला बसायचं? आजी, तुम्ही पण या. आई, तुम्ही आधी या. भिंतीपासून लांब, मोकळ्यात या. या बाहेर, या." किती वेळा ‘या’ म्हणाले कुणास ठाऊक. मग गाणं लावलं आणि डोकं टेबलावर टेकलं.

दार ढकलून साहेब आत आले. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी आधी माईक बंद आहे ना ते बघितलं. मग म्हणाले, "बाई, बाहेर धो धो पाऊस पडतोय."

खिडकी नसलेल्या खोलीत पहाटेपासून कोंडून घेणारी माणसंच हे करू जाणोत. मी अंधारात आले होते, तेव्हा आभाळ कोरडं होतं. नंतर जिल्ह्यातून पोस्टकार्डं आली ती वाचून आमचं सगळं ऑफिस हसून हसून लोळलं. ‘आपल्या आज्ञेप्रमाणे चहा अंगणात घेतला, प्यायलो तेवढाच वाढला.’ पण ते नंतर. त्या सकाळी मला हसू नव्हतं. मी बूथवर पळाले. जळकोटचा फोन लागेना. पावसानं लाइन पडली होती. दुपारपर्यंत लावत राहिले, पुन्हा पुन्हा तेच. बूथवाला म्हणाला, "ताई, नुसती घूं घूं येऊन राहिली, घरी जा." घरी गेले. नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता जळकोटला चला. तो चप्पल घालतो आहे, मी पिशवी शोधते आहे, काय शोधते आहे तेही कळत नाही, आणि नुसती रडते आहे.

आम्ही दाराला कुलूप लावून वळलो, तर समोरून आई. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ, लुगडं घोट्यापर्यंत भिजलेलं, कडेवर लेकरू घ्यावं तसा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रेडिओ.

"ऊन पडलंय म्हनं," आई म्हणाली. "मी तिथं बोरीखाली पोतं पांघरून बसलेय, नाकावरून पाणी गळतंय, आन रेडिओ म्हनतोय ऊन पडलंय. म्हनलं, पोरगी लईच भ्यालीय. निघाले तशी, पहिल्या गाडीनं."

मी तिला दारातच मिठी मारली. मग एकदम माझ्या ध्यानात आलं ती काय बोलली ते. "बोरीखाली? तू बोरीखाली काय करत होतीस? तू तर आत..."

"आत कशाला जाऊ? मला काय जीव नको झालाय?" आई पोतं झटकत म्हणाली. "आन येडे, पत्र्याखाली तुझा रेडिओ लागतोय तरी का? आत नेला की नुसतं खर्र. रेडिओत काम करतीस आन येवढं कळंना?"

खरंच की. तार बोरीला बांधली होती ती कशाला? पत्र्याखाली आमचा आवाज पोचत नाही हे मला माहीत होतं, चांगलं माहीत होतं. कितीतरी श्रोत्यांना मी स्वतः तसं सांगितलं होतं, दादा, रेडिओ बाहेर काढून बघा. आणि इतके दिवस मी आईला डोळ्यांपुढं आणत होते ते घरात, चुलीपाशी, माझा आवाज ऐकताना!

माझा संताप संताप झाला. "मग खोटं का सांगत होतीस? मी मरत होते इथं रोज! चहा टाकला, आंघोळ केली, हे सगळं कशाला?"

"चहा शेजारीण द्यायची, तिच्या बाहेरच्या चुलीवरचा." आई ओटीवर बसली. तिचा आवाज खाली आला. "पहिल्या दिवशी तुझा आवाज कसा आला माहिती हाय का? मांजरीच्या पिलावानी. मला वाटलं, आता ही बोलता बोलता रडती. शाळेत पोरगं फळ्यापुढं उभं राहून भ्यालं की मी मागच्या भिंतीला जाऊन उभी राहायची. म्हनायची, मला इथवर ऐकू येतंय, लई छान, म्हन पुढचं. ऐकू येत नसायचं काई, पन ते म्हनायचं पुढचं. तुला तेच केलं. तू दुसऱ्या दिवशी नीट बोललीस. मग रोजच सांगाय लागले."

तिला धीर यावा म्हणून मी खोटं हसत होते आणि मला धीर यावा म्हणून ती खोट्या आंघोळी करत होती. दोघी भीतीनं अर्ध्या झालो होतो, पण फोनवर दोघींनीही कधी म्हटलं नाही की मला भीती वाटते ग. एक वाक्य, दोन्हीकडून कुणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या दिवशी ओटीवर बसून आम्ही म्हटलं. आधी ती म्हणाली. "लई भ्या वाटतं ग मला एकटीला," असं म्हणाली आणि शाळेतल्या पोरीसारखी रडली. मी तिला असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. मग लेकीच्या घरी राहायचं नाही वगैरे ती काही बोलली नाही. दिवाळी होऊन गेली तरी राहिली.

तर तो गोळा हा असा. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, बोरीच्या जागी दुसऱ्याच कुणाचं सिमेंटचं घर आहे. पण कुणी ‘बरं वाटलं’ म्हणालं की माझे कान उभे राहतात. खरं बरं वाटलं असेल तर माणूस पुढं दुसरं काहीतरी बोलतं, हसतं, नावं ठेवतं. नुसतं तेवढंच म्हणून बघत राहिलं, तर समजावं, हे मला धीर देतंय.

जिन्यातली ती मुलगी तशीच बघत होती. मी विचारलं, "कुठं बसली होतीस ग? पुढं की मागं?"

"मागं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आत नव्हते मॅडम. इथंच जिन्यात होते. आत बसलं की गुदमरतं मला. महिना झाला, मी वर्गाच्या दारापर्यंत येते आणि इथंच बसते."

"घरी माहीत आहे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, आई रोज संध्याकाळी फोन करते, देवणीजवळच्या गावाहून. तिला मी सांगते, सगळं मस्त चाललंय. तिला बरं वाटतं.

खाली गाडी उभी होती, सर हार-नारळ घेऊन ताटकळत होते. राहू देत म्हटलं. मी पायरीवर बसले, गुडघे कुरकुरले, तिला शेजारी बसवलं आणि तिच्या सॅकवरून हात फिरवला.

"लाव आईला फोन," मी म्हणाले. "आणि आज मस्त चाललंय म्हणायचं नाही."

तिनं सॅकच्या कप्प्यातून फोन काढला. मग तिनं लावला. पलीकडून हॅलो आलं, भांड्यांचा आवाज आला, आणि पोरगी नुसती "आई" म्हणाली. पलीकडची भांडी थांबली, आणि ती बाई म्हणाली, "आले ग. निघालेच."